कॅडमध्ये एक माप बदललं की सगळं स्केच विस्कटतं

पहिल्याच सेमिस्टरला कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं) आहे, साधं ब्रॅकेट काढलं, भोकाचा व्यास १० चा १२ मिमी केला तर अख्खं स्केचच वाकडंतिकडं झालं, काय चुकतंय?

उत्तर १: स्केच फुल्ली डिफाइन नाहीये तुझं, म्हणजे सगळ्या रेषांची जागा नि मापं पक्की केलेली नाहीत. सुट्ट्या वर्तुळाला ३ डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या गोष्टी) असतात, केंद्राचे एक्स, वाय आणि त्रिज्या, त्या कन्स्ट्रेंट (समांतर, काटकोनात अशा अटी) नि डायमेन्शन (मापं) देऊन संपवायच्या, आणि स्केचचा एक कोपरा ओरिजिनला (०,० बिंदूला) टेकव, हे बरेच जण विसरतात.

उत्तर २: बरोबर. आधी कन्स्ट्रेंट, मग मापं. आणि फिलेट (कोपऱ्याची गोलाई) स्केचमध्ये नको देऊस, सॉलिड (स्केचपासून ३डी आकार) झाल्यावर शेवटी दे, नंतर बदलायला खूप सोपं जातं.

प्रश्नकर्ता: ओरिजिनलाच जोडलं नव्हतं! आता जमलं, थँक्स दोघांना.