कोमो सरोवराकाठी राहायचे, तर वारेन्नात की लेक्कोत?

रानवारा:
उत्तर इटलीत स्थायिक होऊ पाहणारे बरेच भारतीय कोमो सरोवराचे नाव घेतात आणि त्यातही बेलाजियो किंवा वारेन्ना याच गावांचा आग्रह धरतात. माझे मत असे आहे की बाहेरून येणाऱ्याने पर्यटकांच्या गावात वर्षभराचे बिऱ्हाड करू नये, सरोवराच्या आग्नेय टोकावरच्या लेक्कोसारखे कामकरी शहर निवडावे. पूर्व किनाऱ्यावरच्या वारेन्नाची वस्ती जेमतेम सात-आठशे आहे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बोटीच्या धक्क्यावर उभे राहायला जागा नसते, आणि नोव्हेंबर उजाडला की बहुतेक हॉटेले व खाणावळी बंद होतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि सूर्य डोंगराआड लवकर जातो. लेक्को मात्र बाराही महिने चालू असते. तिथे लोखंड आणि तारांचे जुने कारखाने आहेत, मोठे रुग्णालय आहे, आणि मिलानच्या पोलितेक्निको विद्यापीठाची शाखा असल्याने मराठी बोलणारी मुलेही भेटतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न घरांचा आहे. आठवड्याच्या बोलीवर पर्यटकांना घर देऊन जे उत्पन्न मिळते, ते सोडून चार वर्षांचा आणि पुढे आणखी चार वर्षे चालणारा नेहमीचा भाडेकरार करायला घरमालक सहसा तयार होत नाहीत. तशात आपण बाहेरून येऊन तिथलेच एखादे घर अडवले, तर त्या गावात जन्मलेल्या तरुण जोडप्याने जायचे कुठे?

दगडफूल:
मी याच्याशी सहमत नाही, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहत असल्यामुळे हे जबाबदारीने लिहीत आहे. ज्या हिवाळ्याला तुम्ही उणे बाजूस मांडले आहे, त्याच दिवसांत गाव गावकऱ्यांचे असते. उन्हाळ्यात कॉफीच्या दुकानात मालकाला मान वर करायला फुरसत नसते. जानेवारीत तोच माणूस सकाळी उत्तरेकडून येणारा तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून चढणारा ब्रेवा या दोन वाऱ्यांवर अर्धा तास बोलतो, आणि त्या बोलण्यातूनच मला इटालियन येऊ लागले. इथे आगोने नावाचा मासा मीठ लावून उन्हात वाळवतात आणि तमालपत्रांसह डब्यात दाबून ठेवतात. कोकणातल्या सुक्या मासळीवर वाढलेल्या माणसाला त्या वासाने परके वाटत नाही.

घरांबाबत तुमची चिंता रास्त आहे, पण रोख चुकीच्या माणसाकडे आहे. घर विकत घेऊन दहा महिने कुलूप लावणारा आणि नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करून वर्षभर राहणारा, या दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही. लहान गावातली शाळा, औषधाचे दुकान आणि टपाल कचेरी हिवाळ्यातही राहणाऱ्या माणसांमुळेच टिकतात, मग ती माणसे कुठल्याही देशातून आलेली असोत. रुग्णालयाचे म्हणाल, तर मिलान–लेक्को–तिरानो हा लोहमार्ग वारेन्नातूनच जातो आणि लेक्को अर्ध्या तासाच्या आत गाठता येते.

पूर्वा_मिलान:
तुम्ही दोघेही आवडीनिवडीबद्दल बोलत आहात. भारतीय पारपत्र असलेल्याला आधी कागदपत्रांचा विचार करावा लागतो. स्वतःच्या उत्पन्नावर राहण्याचा जो व्हिसा मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे मागतात, त्यासाठी एका माणसामागे वर्षाला साधारण 31,000 युरोंचे निवृत्तिवेतन, भाडे किंवा लाभांश असे नियमित उत्पन्न दाखवावे लागते, आणि त्या व्हिसावर कोणतेही काम करता येत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे, पण तो 2024 पासूनच मिळू लागला. इटलीत पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज टपाल कचेरीतून भरावा लागतो. पेन्शनरांना सात टक्के कराची जी सवलत ऐकिवात आहे, ती प्रामुख्याने दक्षिणेकडच्या लहान गावांसाठी आहे. कोमो सरोवर ज्या लोम्बार्दी प्रांतात आहे, तिथे ती लागू होत नाही. ही गोष्ट घर पाहायला निघण्यापूर्वी माहीत असलेली बरी.

त्यात आणखी एक अडचण आहे. रहिवासी झाल्यावर वर्षभरानंतर भारतीय वाहन परवाना चालत नाही, तो इटालियन परवान्याशी बदलूनही मिळत नाही, आणि नव्याने परीक्षा द्यायची तर लेखी भाग इटालियनमधून असतो. म्हणून मी पश्चिम किनारा सुचवणार नाही. कोमो शहराच्या उत्तरेला तिथे रेल्वे नाही. जुना अरुंद रेजिना रस्ता, बस आणि बोट एवढ्यावरच भिस्त असते. रेल्वेमुळे दगडफूल यांचा पूर्व किनारा मला पटतो.

रानवारा:
रेल्वेचा मुद्दा मान्य, पण घरांचा मुद्दा त्याने सुटत नाही. हॉटेलांत स्वयंपाक करणारे आणि खोल्या आवरणारे लोक भाडे परवडत नाही म्हणून दुसऱ्या गावांतून ये-जा करतात. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराला 2025 पासून राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे, पण नोंदणीमुळे अशी घरे कमी होत नाहीत. शिवाय शाळा टिकण्याचा युक्तिवाद लहान मुले घेऊन येणाऱ्या कुटुंबाला लागू पडतो. पूर्वा यांनी सांगितलेला उत्पन्नाचा व्हिसा घेऊन येणारे बहुधा साठीच्या पुढचे असणार, त्यांच्यामुळे वर्गात एकही मूल वाढणार नाही.

दगडफूल:
मुलांबद्दलचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. तरीही साठीच्या माणसाला औषध लागते, पाव लागतो, आणि तो ते फेब्रुवारीतही विकत घेतो. माझा आग्रह धक्क्यालगतच्या घरासाठी नाहीच. वारेन्नाच्या डोक्यावर पेरलेदो आहे, त्याहून वर एसिनो लारियो आहे, जिथे 2016 मध्ये विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांचे जागतिक संमेलन भरले होते. अशा वरच्या वस्त्यांत पर्यटकांची झुंबड कमी आणि रिकामी घरे अधिक आहेत. चढ मात्र खडा आहे आणि बस मोजक्याच असतात, त्यामुळे पूर्वा यांचा वाहन परवान्याचा इशारा तिथे दुपटीने लागू होतो. ज्यांना यायचे आहे त्यांनी आधी नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळाचा भाडेकरार मागावा. त्या महिन्यांत घरमालकही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतात.