‘आफ्टर ब्रुगेल’ला मराठीत काय लिहाल?

प्रश्न : एका चित्रसंग्रहाच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करते आहे. डोंगरदऱ्यांच्या एचिंगखाली (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा उमटवून काढलेल्या छापचित्राखाली) ‘आफ्टर पीटर ब्रुगेल’ असं आहे. ब्रुगेल म्हणजे सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार. ‘ब्रुगेलनंतर’ चालेल का? आणि अशा छापचित्राला ‘प्रतिकृती’ म्हणावं की ‘नक्कल’?

— ‘नंतर’ नको, वाचणारा काळाचा हिशेब करत बसेल. तुमचं एचिंग ज्या मालिकेतलं दिसतं, ती ‘मोठी निसर्गदृश्यं’ 1555-56च्या सुमारास अँटवर्पला छापली. ब्रुगेल वारला 1569 मध्ये, म्हणजे तेव्हा तो हयात होता. आपल्याकडे साधं ‘वरून’ आहे की! कादंबरीवरून नाटक करतात, तसं ‘ब्रुगेलच्या रेखाटनावरून’.

— ‘नक्कल’ तर मुळीच नको, त्यात लबाडीचा वास येतो. इथे लपवाछपवी नव्हती. रचना कोणाची (‘इन्व्हेनिट’) आणि प्रकाशक कोण (‘एक्सकुडिट’), हे तांब्याच्या पत्र्यावरच लिहीत. या मालिकेत ब्रुगेलचं आणि प्रकाशक हिएरोनिमस कॉकचं नाव आहे. पत्र्यावर प्रत्यक्ष राबलेल्या योहानेस आणि लुकास या डूटेकम बंधूंचं मात्र नाही! तुम्ही ते जरूर घाला.

— ‘प्रतिकृती’ही इथे जरा खटकते. ब्रुगेलने ही रेखाटनं छापण्यासाठीच केली होती. भिंतीवरच्या एखाद्या प्रसिद्ध चित्राची ही आवृत्ती नव्हे. खरी प्रतिकृती हवी तर अ‍ॅमस्टरडॅमचा प्रकाशक क्लास फिस्सर याची 1612ची मालिका बघा. कॉकने 1559 आणि 1561 मध्ये छापलेली ब्राबांतच्या (अँटवर्पच्या आसपासच्या प्रांताच्या) खेड्यांची ‘लहान निसर्गदृश्यं’ फिस्सरने नव्याने एचिंग करून छापली. कॉकच्या मूळ मालिकेत चित्रकाराचं नाव नव्हतं. 1601च्या आवृत्तीत कॉर्नेलिस कॉर्ट या छापचित्रकाराचं आलं, फिस्सरने थेट ब्रुगेलचं टाकलं. आज तो चित्रकार अनामिकच मानतात. तिथे ‘ब्रुगेलवरून’ लिहिलंत तर चूक. ‘ब्रुगेलच्या नावावर खपवलेली’ म्हणा हवं तर.

प्रश्नकर्ती : आभार! एचिंगला ‘कोरीवकाम’ लिहू का?

— नको, लेणी डोळ्यांपुढे येतात. ‘अम्लरेखन’ बरं, रेघ आम्लाने खाल्ली जाते हे त्यात येतं. डूटेकम मंडळी त्यावर छिन्नीसारख्या हत्याराचाही हात फिरवत, म्हणून त्यांची रेघ इतकी ठाशीव. तरी आपले चित्रकार बोलताना ‘एचिंग’च म्हणतात, कंसात तेही असू द्या.

प्रश्नकर्ती : याच संग्रहात 1560चं ‘सशांची शिकार’ आहे. तिथेही ‘वरून’?

— नाही. तो पत्रा ब्रुगेलने स्वतः केला, त्याच्या हातचं ते एकमेव एचिंग. तिथे नुसतं ‘पीटर ब्रुगेल’.