मदत हवी आहे : बिनाका गीतमालेचं जुनं टेपिंग कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. बिनाका गीतमाला म्हणजे रेडिओ सिलोनवरचा हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम. बुधवारी रात्री आठ वाजले की आमच्याकडे ताटं रेडिओपाशी सरकायची. सिलोन खरखरत यायचं, आवाज मधेच बुडायचा, मग धाकटा भाऊ एरियलची तार धरून उभा! 'बहनों और भाइयों' ऐकू आलं की सगळे चिडीचूप. वर्षअखेरीस पहिल्या नंबरावर कुठलं गाणं येणार, यावर आमच्या चार-चार आण्यांच्या पैजा लागायच्या.

गीतमालेचे निवेदक अमीन सयानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हापासून शोधतोय. 'गीतमाला की छाँव में'च्या सीडी आहेत, पण ते नंतरचं काम. मला १९७५ ते ८० मधला मूळ कार्यक्रम हवाय, जाहिरातींसकट. कुणी तेव्हा घरी कॅसेटवर उतरवला होता का? टेपला बुरशी आली असली तरी चालेल, साफ करून घेईन.