शेती अवजारांच्या पिढीजात दुकानाचा इतिहास कोठून लिहायला घ्यावा?

शाहूपुरीकर (प्रश्न)
आमच्या पणजोबांनी कोल्हापुरातील शाहूपुरी या व्यापारी पेठेत लोखंडी नांगर आणि उसाचे चरक विकायला सुरुवात केली, आजोबांनी ऑइल इंजिने आणली, वडिलांनी ट्रॅक्टरची एजन्सी घेतली आणि आता ती माझी बहीण व मी चालवीत आहोत. दुकान नेमके कधी सुरू झाले, याबद्दल घरातील वडीलधाऱ्यांचे एकमत नाही. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरील बहुतेक कागद गेले; माळ्यावरच्या काही खतावण्या आणि जुनी बिलबुके तेवढी वाचली. एवढ्यावर विश्वासार्ह इतिहास लिहिता येईल का?

खतावणीवाले
अवश्य लिहिता येईल. स्थापनेच्या वर्षाचा वाद तूर्त बाजूला ठेवून आधी कागदांचा काळ ठरवावा. शाहूपुरी पेठ १८९५ मध्ये वसली आणि लोखंडी नांगर बनवणारा किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला, एवढ्यानेच घरोघरच्या पुष्कळ दंतकथा निकालात निघतात. बिलावर करवीर (म्हणजे कोल्हापूर) संस्थानाचा उल्लेख असल्यास ते १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणाआधी छापलेले असणार. मात्र छापील बुक संपेपर्यंत वापरण्याची आपल्या व्यापाऱ्यांची काटकसर लक्षात घेता, केवळ मथळ्यावर न विसंबता आकडेही पाहावेत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून चलनात आले, त्यामुळे आणे-पै मोडून पैशांत हिशेब कोणत्या पानापासून सुरू होतो, ते शोधावे. मोडीतील पाने जाणकाराकडून वाचून घ्यावीत.

माझ्या मते मालाच्या नोंदींपेक्षा उधारीच्या नोंदी अधिक बोलक्या असतात. आमच्या खतावणीत 'फाळ दोन नग, बाकी गुळाच्या पट्टीस' अशा ओळी पानोपानी आहेत, कारण गुऱ्हाळ सुरू होण्याआधी शेतकरी माल उचलत असे आणि अडत्याकडून पट्टी, म्हणजे विकलेल्या गुळाचा हिशेब, हाती आल्यावर पैसे देत असे. पुढे त्याच गावांच्या नावापुढे 'ऊसबिलास' असे येऊ लागते, तेव्हा तेथील ऊस गुऱ्हाळाकडून कारखान्याकडे वळल्याचे समजते. दुकानदाराची वसुली कोणाच्या हातात होती, हे अशा नोंदींतून जितके स्पष्ट कळते तितके मालकाच्या आठवणींतून कळत नाही.

दोन ट्रॉल्या
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु ट्रॅक्टरचा काळ आला की खतावणी अपुरी पडते. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली, तरी पुढील कितीतरी वर्षे मागणी जास्त आणि ट्रॅक्टर कमी अशी स्थिती होती. गिऱ्हाईक नोंदणी करून थांबत असे आणि जमीन तारण ठेवून भूविकास बँकेचे कर्ज काढत असे. त्यामुळे नोंदणीवह्या व बँकेचा पत्रव्यवहार मिळाल्यास जपून ठेवावा.

आणखी एक गोष्ट घरचे इतिहासकार सोयीस्करपणे वगळतात. दुकानाची जागा वारसाने मिळते, एजन्सी मात्र तशी मिळत नाही. ती कंपनीशी झालेल्या करारावर चालते. भागीदार वारला किंवा भावाभावांत वाटणी झाली की कंपनीची संमती नव्याने घ्यावी लागते. शिवाय वर कंपन्याच बदलतात. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफे या ट्रॅक्टर कंपनीकडे आणि पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राकडे गेली, तेव्हा खालच्या विक्रेत्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्या वडिलांची करारपत्रे सापडल्यास पिढी कधी बदलली, याची तारीख त्यांतच मिळेल.

उद्यमनगर
इतिहास केवळ गादीवर बसणाऱ्यांचा लिहू नये, एवढीच विनंती आहे. ऐन हंगामात बांधावर जाऊन इंजिनाचा नोझल साफ करणाऱ्या मेस्त्रीवर गिऱ्हाईक टिकून असे, आणि कंपनीचा सुटा भाग वेळेवर आला नाही, तर तो येथील लेथवर घडवून घेतला जाई. खतावणीत 'मजुरी' म्हणून रकमा असतील. त्यांच्यापुढील नावे उतरवून घ्यावीत आणि त्यांपैकी जे हयात असतील त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांआधी भेटावे.