हात टेकले ते दिवस (अनुभव धागा)

चरईकर:
सलाम मंडळी. परवा लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळातली, कॉटेज प्रार्थना (घरगुती प्रार्थनासभा) आमच्याकडे होती. बायबलमधलं स्तोत्र १२७ वाचलं. परमेश्वर घर बांधीत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ, ते. नंतर पोहे खाताखाता एक आजोबा म्हणाले, "या वचनाची फ्रेम घरोघरी दारावर असते, पण घर कोण बांधतंय ते पासबुकात दिसतं." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते ज्या फ्रेमखाली बसले होते ती माझीच.

ती फ्रेम आम्ही घोडबंदर रोडच्या फ्लॅटसाठी घेतली होती, ताबा मिळायच्या चार वर्षं आधी. पेपरात गुंडाळून कपाटावर ठेवली. मी एक्सेलमध्ये शेवटच्या हप्त्यापर्यंतचा हिशोब मांडला. दोघांनीही रविवारचं जास्तीचं काम धरलं. चर्चमध्ये भक्तीला जायचं ते ताबा मिळाल्यावर, असं ठरलं. ताबा दीड वर्ष लांबला, तशी भक्तीही लांबली. पहिल्या रात्री नवऱ्याने खिळा ठोकला, फ्रेम लावली आणि विचारलं, "प्रार्थना कोण करतंय?" दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणायला घेतली आणि अर्ध्यात अडखळलो. लहानपणापासून पाठ असलेली! घर होतं, हप्ते वेळेवर होते, पण दोघांना एकत्र गुडघे टेकून किती वर्षं झाली याचा हिशोब एक्सेलमध्ये नव्हता. आता फ्लॅट भाड्याने दिलाय आणि आम्ही परत चरईत सासूबाईंकडे आहोत. ती वेगळी गोष्ट.

तर तुम्ही लिहा. आपल्या बळावर जोर लावून लावून हात टेकले, असा एखादा प्रसंग. साक्षीच्या सभेत देतो तशी इस्त्री केलेली साक्ष नको. शेवट गोड नसला तरी चालेल. माणसांची, चर्चची, दवाखान्यांची नावं टाळा. पाळक आणि फादर मंडळींनीही लिहावं, तुमचेही हात टेकत असतीलच.

तिखटजीभ:
मी सुरुवात करते, छोटीशी. मागच्या वर्षी चाळीस दिवस एकवेळचा उपास केला. कडक. राख बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, एक दिवस चुकवला नाही. वजन चार किलो उतरलं. सुनेला बोलायची एकही संधी सोडली नाही. पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) सकाळी नातू म्हणाला, "आजी, आता तू जेवणार ना? मग चिडणार नाहीस ना?" एवढंच.

उत्तनची लेक:
आम्ही कॅथलिक कोळी. माहेर उत्तन, सासर कळवा. बापूस डोल लावायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: डोल म्हणजे तोंडाला मोठं आणि शेपटाला निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. ते ओढत फिरवत नाहीत, समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. पाण्याला ओढ आली की तोंड उघडतं, जाळं फुगतं आणि बोंबील, जवला आपोआप आत वाहत येतो. ओढ थांबली की तेच जाळं ओल्या गोणपाटासारखं लोंबत राहतं. अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणीच मंद असतं. तेव्हा जाळं कितीही नवं कोरं असो, हाताला फारसं काही लागत नाही.

माझा मुलगा कॉलेजला गेल्यावर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचा बंद झाला. मी काय काय केलं म्हणून सांगू. उशीखाली रोझरी (जपमाळ) ठेवली. रोज सहाला व्हॉट्सअ‍ॅपवर वचन. फादरना मुद्दाम जेवायला बोलावलं आणि नेमकं त्याच्यासमोर विषय काढला. रडले, अबोला धरला. तो नेरूळला मित्रांबरोबर राहायला गेला आणि मला ब्लॉक केलं. आईला ब्लॉक! बापूस तेव्हा माझ्याकडे आलेला. दोन दिवस माझा तमाशा बघितला आणि म्हणाला, "पोरी, तू पाणी ढकलतेस. जाळं बांधायचं काम आपलं. ओढ आणायचं काम तुझं नाय."

मी वचनं पाठवणं थांबवलं. प्रार्थना करते, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात नाही. तो अजून मिस्साला जात नाही, उगाच गोड करून सांगत नाही. पण ब्लॉक काढलाय. दर रविवारी साडेअकराला, बरोबर मिस्सा सुटून मी घरी पोचते तेव्हा, त्याचा फोन येतो: काय केलंस जेवायला?

आणि हो, लूकच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातला पेत्र, येशूचा शिष्य. धंदेवाईक कोळी, रात्रभर मेहनत करून रिकामा आलेला, जाळी धुवायला बसलेला. त्याला एक सुतार, म्हणजे येशू, सांगतो, खोल पाण्यात चल, जाळी टाक. तेही दिवसाउजेडी. बापूस म्हणायचा, मी असतो तर शिवी हासडली असती.

चरईकर:
"मिस्सा सुटून मी घरी पोचते तेव्हा". वेळ त्याच्या लक्षात आहे म्हणजे.

विटाव्याचा:
पहिल्यांदाच लिहितोय. चुका पोटात घाला.

मी दारू सोडली पाच वेळा. त्यातल्या चार वेळा स्वतः सोडली. दर ३१ डिसेंबरला रात्रीच्या उपासनेत बाराच्या ठोक्याला शपथ घ्यायचो. एकदा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. कालनिर्णयच्या प्रत्येक दिवसावर लाल पेनने फुली मारायचो. एका वर्षी एक्केचाळीस फुल्या झाल्या. इतका अभिमान वाटायचा की आलेल्यागेलेल्याला पान उलटून दाखवायचो. बेचाळिसाव्या दिवशी शेजारच्या गावठाणात हळद होती. बँजो लागला, मित्र म्हणाले, एक्केचाळीस दिवस काढलेस, आता तुझ्या हातात आहे. मलाही तेच वाटलं, आपल्या हातात आहे. तिथेच घात झाला. पहाटे कळवा खाडीच्या पुलाजवळ बसलेला सापडलो. एक चप्पल नव्हती.

बायकोने काही म्हटलं नाही. कालनिर्णय भिंतीवरून काढून गुंडाळून माळ्यावर टाकलं. तो आवाज अजून कानात आहे, सुरळी करतानाचा.

मंडळीतल्या एकाने ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला नेलं. मी म्हटलं, मी ख्रिस्ती माणूस, मला प्रार्थना येते, तिथे काय नवीन? तिथे बारा पायऱ्या आहेत. मला वाटलं पहिली पायरी "निश्चय करा" अशी असेल. पहिली पायरी म्हणजे कबूल करा, दारूपुढे आपलं काही चालत नाही. मी चार वर्षं नेमकं उलटं म्हणत होतो. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी हे सुरू केलं. आपल्यापेक्षा मोठी शक्ती, एवढंच ते म्हणतात, कोणत्या धर्माचं नाव घेत नाहीत. माझ्यासाठी तिचं नाव येशू. पण खरं सांगू का, चर्चमध्ये मी त्याला कायम वचन द्यायचो, मी सोडतो. "मला जमत नाही" हे मी त्याला पहिल्यांदा त्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगितलं.

सहा वर्षं झाली. फुल्या मारत नाही. सकाळी उठलो की आजच्यापुरतं मागतो.

तिखटजीभ:
भाऊ, चुका पोटात घालायला आहेत कुठे?

सत्यवचन:
उत्तम धागा. ज्यांची प्रार्थना ऐकली जात नाही त्यांनी आपला विश्वास तपासून पाहावा. बहुतेक वेळा कमतरता आपल्याकडेच असते.

रात्रपाळी:
मी लिहिणार नव्हते, पण वरचं वाचून राहवलं नाही.

मी सिस्टर आहे, नवी मुंबईत आयसीयूला. २०२१ चा एप्रिल. आमच्याकडे बेड नव्हता म्हणून वडील दुसऱ्या हॉस्पिटलला होते. मी इथे परक्या माणसांना पालथं झोपवत होते, ऑक्सिजन ८४ वरून ८८ वर आला की देवाचे आभार मानत होते. पीपीईच्या आत घाम, गॉगलवर वाफ, ओठांवर प्रार्थना. संपूर्ण मंडळी साखळी उपास करत होती. अकराव्या दिवशी वडील गेले. नंतर मला फोनवर कुणी नेमकं हेच सांगितलं, ताई, कुठेतरी विश्वास कमी पडला.

गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, येशूने हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली. टळला नाही. सत्यवचनजी, त्याचाही विश्वास तपासायचा का?

त्याच १२७ व्या स्तोत्रात पहारेकऱ्याचं जागरण व्यर्थ असंही आहे. मला त्या ओळीचा राग यायचा. माझा धंदाच जागरणाचा! शिवाय ड्युटी संपली तरी मी ड्युटी सोडायचे नाही. वाशीच्या बसमधून तीनदा वॉर्डला फोन, घरी आल्यावर आंघोळीआधी एक. वडील गेल्यावर तर जास्तच, जणू मी डोळा लावला की कुणीतरी मरणार. एका सकाळी हॅन्डओव्हरच्या वहीत सही करत होते. इन्चार्ज सिस्टर, हिंदू आहेत, माझ्या हातातलं पेन काढून घेत म्हणाल्या, "सही झाली ना? मग आता हे माझे पेशंट. तू जा." मी जिन्यात बसून रडले. स्तोत्राच्या पुढच्याच ओळीत देव आपल्या माणसांना झोप देतो असं आहे, तिथपर्यंत मी कधी वाचतच नव्हते.

आता घरी गेल्यावर प्रार्थनेत बेड नंबर सांगते. बेड चार, बेड सात. सही करते आणि झोपते. वडिलांचं का, ते मला कळलेलं नाही. कुणी कळवूही नये.

चरईकर:
सत्यवचनजी, दुसऱ्याच्या विश्वासाची तपासणी या धाग्यावर नको. स्वतःचा प्रसंग असेल तर जरूर लिहा.

सेक्टर सात:
ऐरोली, आयटी, चर्चला फक्त नाताळात. एक शंका, रागावू नका. काम फत्ते झालं तर देवाची कृपा, फसलं तर तुमचं स्वतःचं बळ. क्रेडिट त्याला, खापर आपल्यावर. मग मी रात्री बारापर्यंत कोड लिहितो ते कशाला? प्रार्थना करून झोपतो.

पेन्शनर:
शास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या. सेक्टर सात, तुमची शंका पंधराशे वर्षांहून जुनी आहे. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा ब्रिटनकडचा साधू होता. माणूस वाईट नव्हता. रोममधले ख्रिस्ती ऐदी झालेले पाहून तो म्हणाला, देवाने आज्ञा दिल्यात म्हणजे त्या पाळायची ताकद तुमच्यात आहे, पाळा. त्याच काळातला बिशप ऑगस्टीन म्हणाला, ती ताकदही त्याच्याकडूनच यावी लागते. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचं मत नाकारलं आणि ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने तर विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते असं ठरवलं.

पण कृपा म्हणजे झोपा काढणं नव्हे. बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक, ४:९ काढून बघा. शत्रू टपलेला, यरुशलेमची भिंत अर्धवट. आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला, असं तो लिहितो. एकाच वचनात दोन्ही. पहारेकऱ्याला कुणी घरी पाठवलं नाही. भिंत ५२ दिवसांत पुरी झाली. आणि इस्राएलचा सेनानी गिदोन, त्याची गोष्ट याच्या उलटी. ३२,००० माणसं जमली तर देव म्हणतो, जास्त आहेत, जिंकलात तर म्हणाल आमच्याच हाताने जिंकलो. शेवटी ठेवली ३००. पण त्या तीनशेंना रात्री उठून मशाली धराव्याच लागल्या.

क्रेडिट आणि खापराच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला वर्गातही नीट देता आलं नाही.

सेक्टर सात:
पटलं असं नाही, पण शेवटची ओळ आवडली. आणि ५२ दिवस! आमच्या सोसायटीची कंपाउंड वॉल दोन वर्षं चालू आहे.

माळकरी शेजारी:
मी वारकरी घरातला, कळव्याचा. वाचतोय गुपचूप. आमची आजी भाकरी थापतानाही "करता करविता तूच" म्हणायची आणि भाकरी करपली की आम्हाला ओरडायची. चालू द्या.

चरईकर:
स्वागत आहे, माळकरी. आमचे कवी ना. वा. टिळक १८९५ ला बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंगच लिहीत राहिले. तेव्हा तुम्ही काही परके नाही.

पिवळी छत्री:
मी पाळक आहे. घणसोलीत काम सुरू केलं तेव्हा तक्ता केला होता: पहिल्या वर्षी इतकी कुटुंबं, दुसऱ्या वर्षी इतकी. दोन हजार पत्रकं छापली, त्यातले तीन गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत. तीन वर्षांत अकरा माणसं, त्यात आम्ही घरचे चार. मग मला डेंग्यू झाला, महिनाभर अंथरुणात. त्या काळात आमच्यातल्या दोन बायकांनी, त्यातल्या एकीला वाचता येत नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरात प्रार्थना चालू ठेवली. मी उठून गेलो तर नऊ नवे चेहरे. बायबलमध्ये प्रेषित पौल म्हणतो, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. मी यावर कितीदा उपदेश केलाय. तरी त्या दिवशी दारात चपला मोजताना आनंद झाला त्याहून थोडं जास्त वाईट वाटलं.

उत्तनची लेक:
पास्टर, हे लिहायला धाडस लागतं.

विटाव्याचा:
आज आमच्या गल्लीत हळद आहे. तोच बँजो. पुतण्याचीच आहे, न जाऊन चालणार नाही. सकाळी मागितलंय. आत्ताही मागतोय. स्पॉन्सरचा (ए.ए.मधला आधार देणारा सोबती) फोन लागत नाहीये, गावी गेलाय.

रात्रपाळी:
दादा, मी ड्युटीवर आहे, सकाळी आठपर्यंत. धाग्याची खिडकी उघडी ठेवते. दर तासाला लिहा. काही सुचलं नाही तर टिंब टाका.

विटाव्याचा:
.

रात्रपाळी:
वाचलं.

विटाव्याचा:
.

रात्रपाळी:
इथे बेड सात झोपला एकदाचा. तुम्ही?

विटाव्याचा:
१:४०. घरी आलो. तीन थम्सअप झाल्या, पोट गच्च झालंय. दोन्ही चपला आहेत.