रात्री हळू आवाजात ऐकायला बुकशेल्फ स्पीकर: खोली १० बाय १०, बजेट ४० हजारापर्यंत

दुसरीपाळी

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, अंबड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतो, घरी येऊन जेवून होईपर्यंत साडेबारा. त्यानंतर तासभर काहीतरी ऐकल्याशिवाय झोप येत नाही, कॉलेजपासूनची सवय आहे, सुटत नाही. बहुतेक शास्त्रीय, कधी नाट्यगीतं, कधी जुनी हिंदी. पलीकडच्या खोलीत बायको आणि चार वर्षांची मुलगी झोपलेली असतात आणि मधली भिंत म्हणजे नावालाच भिंत, त्यामुळे आवाज एवढा हळू ठेवावा लागतो की अँपचा नॉब जेमतेम हलवलेला असतो.

आत्ताचे स्पीकर पाच-सहा वर्षं जुने, ४ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल), साधा टू चॅनल अँप, गाणी मोबाईलवरून छोट्या डॅकमधून (डिजिटल गाणं अँपला चालेल असं करून देणारी डबी). स्पीकर शोकेसच्या वरच्या कप्प्यात आहेत. रविवारी दुपारी जरा मोठ्याने लावलं तर खरंच छान वाजतात. पण रात्री सगळं पातळ! डग्गा गायब, तानपुरा तर आहे की नाही तेच कळत नाही, नुसता गायकाचा गळा आणि मंजिऱ्या. वर उजवा स्पीकर झोपल्यासारखा वाटतो, सगळं डावीकडूनच येतं.

एका दुकानात जाऊन आलो. त्याने एसी रूममध्ये बसवून दणदणीत वाजवून दाखवलं आणि सबवूफर घ्याच म्हणाला. मी म्हटलं जरा हळू करा, तर म्हणे "हळूमध्ये काय कळणार साहेब". अहो पण मला हळूच ऐकायचंय ना!

हेडफोन सुचवू नका प्लीज, मुलगी रात्री उठते, तिची हाक ऐकू यायला हवी. कोणते स्पीकर घेऊ?

पंचवटीकर

व्हार्फडेल डायमंड १२.१ घ्या डोळे झाकून. माझ्याकडे दोन वर्षं आहेत, एकदम गोड आवाज, ५ इंची वूफर आहे, बेस भरपूर. जास्त विचार करू नका.

वॉटवाले

हळू आवाजात वाजवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटी (ठराविक पॉवरला स्पीकर किती डेसिबल मोठा वाजतो ते) बघा फक्त. ९० च्या वरचे स्पीकर घ्या, ते कमी पॉवरमध्येच "जागे" होतात. ८५-८६ वाले स्पीकर हळू आवाजात झोपलेलेच राहतात, त्यांना करंट पाजावा लागतो. आणि अँप किमान १०० वॉटचा पाहिजे, रिझर्व पॉवर लागते.

जुनाखटका

वॉटवाले, राग मानू नका पण हिशेब करून बघू. समजा स्पीकर ८८ डेसिबलचा आहे, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ८८. हे रात्री ऐकणार ५८-६० च्या आसपास. ३० डेसिबल कमी म्हणजे पॉवर हजार पट कमी, म्हणजे १ मिलीवॉट. मिलीवॉट! १०० वॉटचा अँप तिथे काय करणार, पंख्याखाली बसून राहणार. आणि ८५ चा स्पीकर असला तर २ मिलीवॉट लागतील, बस. स्पीकरला झोपबिप काही नसते, झोपतो तो आपला कान.

दुसरीपाळी, तुमचा खरा प्रॉब्लेम हाच आहे. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज ऐकायला आळशी असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल लॅब्जमध्ये १९३३ सालीच हे मोजून ठेवलंय, पुढे त्याचं आयएसओ २२६ नावाचं स्टँडर्ड झालं. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला १०० हर्ट्झच्या सुराला ६४ च्या आसपास डेसिबल लागतात. म्हणजे २४ चा फरक. तेच ८० डेसिबलला ऐकत असाल तर फरक १२-१३ वर येतो. तुम्ही नॉब खाली आणता तेव्हा गायक आणि डग्गा दोघं सारखेच खाली येतात, पण कानाला डग्गा जास्त वेगाने बुडतो. कितीही भारी स्पीकर आणा, हे होणारच, लाखाचा आणला तरी.

पूर्वीच्या अँपवर "लाउडनेस" नावाचं बटण असायचं, आठवतंय? आपण सगळे ते कायम दाबून ठेवायचो आणि मग आवाज फुल करायचो, म्हणून ते बदनाम झालं. ते होतंच मुळी हळू ऐकण्यासाठी. आज यामाहाच्या ए-एस३०१ किंवा ५०१ मध्ये त्याचा स्वतंत्र फिरवायचा नॉब मिळतो. वापरायची पद्धत उलटी आहे: लाउडनेस फ्लॅटवर ठेवून व्हॉल्यूम तुम्ही जास्तीत जास्त जेवढा ऐकता तिथे लावायचा, आणि मग लाउडनेसचा नॉब फिरवत आवाज खाली आणायचा. मधले सूर खाली येतात, खर्ज आणि वरचे सूर तेवढे खाली येत नाहीत. बरेच लोक हे न वाचता तो नॉब बेस बूस्ट समजून फिरवतात आणि म्हणतात आवाजच गेला.

अँप बदलायचा नसेल तर मोबाईलच्या ईक्यूमध्ये (इक्वलायझर, खालचे-वरचे सूर कमीजास्त करायची सोय) रात्रीसाठी एक वेगळं सेटिंग करा, १०० हर्ट्झच्या खाली ६-८ डेसिबल वर, अगदी वरचं टोक २-३ वर. फुकटात होतं.

उजव्या-डाव्याचं सांगतो. नॉबच्या आत दोन पट्ट्या असतात, एक डावीची एक उजवीची, आणि अगदी सुरुवातीच्या टप्प्यात त्या दोघी एकमेकींशी जुळत नाहीत. बहुतेक सगळ्या साध्या अँपमध्ये असतं हे. मोबाईलचा आवाज निम्म्यावर आणा आणि अँपचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा नऊ-दहा वाजल्याच्या जागेपर्यंत न्या, उजवा उठेल.

विहितगावची

माझे दोन प्रश्न. दादा, पंखा कितीवर असतो? आणि तुम्ही बसता कुठे?

विचारते कारण माझ्याकडे हेच झालेलं. उन्हाळाभर वाटायचं स्पीकर बिघडले, तानपुरा ऐकूच येत नाही, आणि नोव्हेंबरात थंडी पडली, पंखा बंद झाला, तर तेच स्पीकर अचानक बोलायला लागले! पंख्याची घरघर खालच्या सुरांवर बसते आणि तानपुरा, डग्ग्याची मींड सगळं खाऊन टाकते. आता मी ऐकायच्या वेळी छताचा पंखा बंद करून कोपऱ्यात टेबलफॅन एक नंबरवर लावते. नाशिकमध्ये एप्रिल-मे सोडले तर रात्री तेवढ्यावर भागतं.

आणि अजून एक, जुनी ७८ आरपीएम तबकड्यांची ध्वनिमुद्रणं लावून बघा रात्री. आमचे पलुसकर बुवा (द. वि., १९२१ चा जन्म आणि तोही नाशिकचाच, म्हणून आमचे) हळू आवाजातही अजिबात पातळ वाटत नाहीत, कारण त्या मुद्रणात खोल खर्ज मुळातच नाही, आणि हळू-मोठ्यातला फरकही कमी. हरवायला काही नाहीच, मग हरवणार काय. नवीन डिजिटल मुद्रणात आलाप इतका हळू असतो की तो पंख्यातच विरतो.

दुसरीपाळी

पंखा चारवर असतो. आणि बसतो खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून, कारण दिवाणावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो, तो हलवला तर सकाळी ऐकून घ्यावं लागतं.

जुनाखटका

हात्तिच्या! १० बाय १० च्या मधोमध?

अहो, चौकोनी खोली आधीच वाईट आणि त्यात मध्य म्हणजे खर्ज मरायची हक्काची जागा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला ६.१ ने भागा, ५६ हर्ट्झ आले. या सुराची लाट दोन भिंतींमध्ये अडकते, भिंतीशी फुगते आणि बरोबर मधोमध शून्य होते. लांबी-रुंदी सारखीच, म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच सूर, तेच शून्य. छतपण १० फूट असेल तर विचारूच नका. पन्नास-साठच्या आसपासचा खर्ज तुमच्या खुर्चीपाशी पोचतच नाहीये, तोच खर्ज पलीकडे भिंतीला कान लावून झोपलेल्यांना मात्र मिळत असेल.

स्पीकर शोकेसमधून काढा. अभ्यासाचं टेबल असेल तर त्यावर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे, दोघांत तीन फूट, तोंडं तुमच्याकडे वळवून, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा गोल) कानाच्या उंचीला. तुम्हीपण तीन फुटांवर बसा. सहा फुटांवरून तीन फुटांवर आलात की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे तुम्हाला तेवढंच ऐकू येऊन नॉब तेवढा खाली आणता येतो. बायको-मुलीच्या खोलीतला आवाज तेवढा उतरला. खरेदीचं नंतर बघू, आधी हे.

खाली योगा मॅटचे तुकडे घाला, नाहीतर टेबल वाजतं.

वॉटवाले

मिलीवॉटचं मान्य. पण सेन्सिटिव्हिटीचं मी अनुभवाने सांगितलं होतं, माझे जुने ९१ वाले हळूमध्ये खरंच जास्त जिवंत वाटतात.

जुनाखटका

वाटत असतील, नाही कुठे म्हणतोय. पण ते ९१ आहेत म्हणून नाही. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा करून ऐकलंत का? एकाच नॉबवर ९१ वाला मोठा वाजणार आणि मोठा वाजला की खर्ज जास्त ऐकू येणार. उलटं उदाहरण देतो, बीबीसीचा एलएस३/५ए. बाहेर जाऊन प्रक्षेपण करायच्या गाड्यांमध्ये, इतक्याशा जागेत, इंजिनिअरच्या हाताच्या अंतरावर ठेवायला बनवलेला स्पीकर, बंद पेटी, पोर्ट (खर्ज वाढवायला पेटीला ठेवलेलं भोक) नाही, सेन्सिटिव्हिटी ८२-८३. तुमच्या हिशेबाने तो मेलेलाच असायला हवा, आणि लोक पन्नास वर्षांनी अजून त्याच्या मागे आहेत, जवळून हळू ऐकायलाच.

दुसरीपाळी

मंडळी रिपोर्ट देतो. काल रात्री सुट्टी होती म्हणून केलंच.

मुलीचं चित्रकलेचं टेबल रिकामं केलं, स्पीकर त्यावर ठेवले, मॅट नव्हती म्हणून जुने टॉवेल घातले. मोबाईल निम्म्यावर, नॉब दहावर. उजवा उठला! सहा वर्षं मी समजत होतो की त्याचा ट्वीटर गेलाय. छताचा पंखा बंद, ईक्यूमध्ये खर्ज ६ ने वर. विलंबित ख्याल लावला आणि डग्गा आला हो, अगदी पोटात नाही बसत, पण हाताने दाबलेला कळतो. तानपुऱ्याच्या चार तारा मोजता येतात. सकाळी बायको म्हणाली "काल लावलं नाहीस का काही?" इथेच अर्धा जिंकलो.

आता रडगाणं. पुरुष गायक मंद्रात गेला की आवाज पोकळ होतो, आणि तीन फुटांवरून ट्वीटरची हिस्स ऐकू येते, आधी कधी कळली नव्हती. म्हणजे बदलायचंय हे नक्की, फक्त काय आधी बदलू?

जुनाखटका

हिस्स बहुतेक अँपची. गाणं बंद करून, सोर्सची वायर काढून ऐका, तरी येत असेल तर अँपच. मग माझं मत आधी अँप, लाउडनेसवाला, ए-एस३०१ ला ऑप्टिकल इनपुटपण आहे म्हणजे टीव्हीचं कामही होईल. पोकळपणा ४ इंची वूफरचा आणि छोट्या पेटीचा, ते काम दिवाळीत.

स्पीकर घेताना एकच बघा, ते टेबलावर भिंतीच्या अगदी जवळ राहणार आहेत. मागे पोर्ट असलेला असेल तर भिंतीशी घुमतो. भिंतीचा थोडा आधार रात्री चांगलाच, खर्ज फुकट वाढतो, पण तो मोकळा वाढला पाहिजे, घुमला नाही पाहिजे. एलॅकच्या डेब्यू बी५.२ चं पोर्ट पुढे आहे, ते सोपं. क्यू अकॉस्टिक्सच्या ३०२०आय चं मागे आहे पण भोकात घालायला फोमचे बुच बरोबर देतात. डायमंड १२.१ चं पण मागेच आहे, पंचवटीकरांना विचारा भिंतीपासून किती लांब ठेवलेत. बुच नसेल तर मोजा गुंडाळून घाला, हसू नका, तेच काम करतो. आणि सबवूफर नको, त्या भिंतीला तर नकोच. ढोल ऐकायचा तर गणपतीत रविवार कारंजावर उभं राहायचं, नाशिकला कमी आहे का त्याची.

माझ्याकडे बी५.२ आहेत, गंगापूर रोडला राहतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन रात्री घरी नेऊन ऐका. दुकानात नाही, घरी, साडेबाराला, कपड्यांच्या ढिगासकट.

दुसरीपाळी

व्यनि केलाय. वायर काढून ऐकलं, हिस्स तशीच आहे, म्हणजे अँप. शनिवारी सकाळी येतो न्यायला, टेबल फक्त रविवारपर्यंतच मिळणार आहे, मालकीणबाईंनी बजावलंय की सोमवारी चित्र काढायचंय.

विहितगावची

मंद्रातलं नक्की कळवा दादा. आणि कपड्यांचा ढीग हलवू नका, आवाज शोषायला तोच कामाचा आहे.

पंचवटीकर

माझे भिंतीला टेकलेलेच होते. आत्ता मोजे घातले दोन्हीत. खरंच फरक पडला राव, दोन वर्षं जे भरपूर बेस म्हणून सांगत होतो ते निम्मं घुमणंच होतं. फक्त ते मोजे बाबांचे निघाले, ते मघापासून शोधतायत.