सिअर्सने क्राफ्ट्समन विकायला नको होता

गॅरेजवाला:
जानेवारी २०१७ मध्ये सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीने क्राफ्ट्समन हा आपला अवजारांचा ब्रँड स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या अवजार कंपनीला विकायचा सौदा केला. आधी ५२.५ कोटी डॉलर, तीन वर्षांनी २५ कोटी आणि १५ वर्षं नव्या विक्रीवर थोडी टक्केवारी. माझ्या मते हे बियाणं विकून खाणं होतं. १९२७ पासूनचं नाव हो! अमेरिकेत आल्यावर मी पहिला सॉकेट सेट तिथेच घेतला. त्यातल्या रॅचेटचे, म्हणजे सॉकेट फिरवायच्या दांड्याचे, दाते झिजून ते नुसतंच गरगर फिरायला लागलं, तेव्हा काउंटरवर नेऊन ठेवलं. पावतीसुद्धा न विचारता नवं दिलं. त्या भरवशावर माणूस दुकानात शिरायचा आणि जाताना बॅटरी नाहीतर बूट घेऊन निघायचा.

शरदकाका:
अरे, पण पेरायला शेत कुठे उरलं होतं? त्याच आठवड्यात १५० दुकानं बंद करायचं जाहीर झालं. क्राफ्ट्समनचा जेमतेम दहा टक्के माल सिअर्सच्या गोतावळ्याबाहेर विकला जायचा. दुकानं बुडाली असती तर ब्रँडही बुडाला असता. विकला म्हणून आज तो लोव्ज या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत मिळतो.

गॅरेजवाला:
काका, शेत ओसाड कोणी पाडलं? २००५ मध्ये केमार्ट या दुसऱ्या दुकानसाखळीशी जोडणी झाली. त्यानंतर कंपनीचे अध्यक्ष एडी लॅम्पर्ट यांच्या काळात स्वतःचेच शेअर परत घेण्यात अब्जावधी डॉलर घातले आणि दुकानांच्या डागडुजीला हात आखडता घेतला.

मृणाल:
पेन्शनवाल्यांचं कोणी बोलतच नाहीये. या विक्रीला सरकारी पेन्शन हमी महामंडळाची संमती लागली आणि त्या बदल्यात नंतरचे २५ कोटी पेन्शन योजनेकडे वळवायचं ठरलं. उभ्या उभ्या पाय सुजेपर्यंत पाने-पकडी विकलेल्या माणसांचा तो हक्क होता. मी विक्रीच्या बाजूने आहे.

गॅरेजवाला:
मृणालताई, त्या २५ कोटींबद्दल तुमचं पटलं. पण आधीच्या ५२.५ कोटींचं काय? २०१६ चा तोटा २०० कोटींच्या वर होता, म्हणजे ही जेमतेम तीन महिन्यांची सोय झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरी आलीच.

शरदकाका:
दुकान गेलं, कबूल. पण हातअवजारांवरची आजीवन हमी स्टॅनलीने चालू ठेवली. तुझं ते रॅचेट पुन्हा झिजलं तर बदलून मिळेल. मला तेवढं पुरे.

गॅरेजवाला:
मला नाही पुरत, काका.